चेहरा बापावर गेलाय

प्रिय झोपाळू,

हे पत्र तुझ्या हातात कसं आलं ते शेवटी सांगते. आधी बातमी. तुझी मुलगी ठीक आहे. वजन वाढतंय, दूध ओढताना आता दम लागत नाही, पावलांवरची सूज उतरली आहे. हृदयाच्या झडपेचं तोंड अरुंद आहे, पण ते होतं तेवढंच आहे, आणखी आवळलेलं नाही. आत्ता काही करायचं नाही, फक्त लक्ष ठेवायचं. हे तुला घरी सांगितलं असणारच, पण आजकाल तू ऐकून न ऐकल्यासारखं करतोस असं कळलं, म्हणून माझ्या अक्षरात एकदा. दुसरी बातमी तुझी. तुझं हृदय तपासायची वेळ आम्ही दोनदा ठरवली आणि दोन्ही वेळा तू फिरकला नाहीस. हॉस्पिटलचा नंबर दिसला की फोन उचलत नाहीस. मला भीती वाटते की एक दिवस तू जिना चढता चढता मरशील. हे वाक्य जरा मऊ करून लिहायचा प्रयत्न केला. जमलं नाही, म्हणून तसंच ठेवलंय.

मी कशी आहे हे तू विचारलं नाहीस, विचारायची जागाही नव्हती. बरी आहे. लग्न झालं, नवरा भुलेचा डॉक्टर आहे. मैत्रिणी म्हणतात, म्हणूनच माझ्याबरोबर टिकलाय, रोज थोडी थोडी देत असेल. चांगला माणूस आहे. हे पत्र लिहितेय ते त्याला माहीत आहे. तो म्हणाला, लिही, पण डॉक्टरी भाषेत लिहू नकोस. एवढं बोलून माझा चहा झाकून ठेवून झोपायला गेला. तर असं सगळं जागच्या जागी आहे, फक्त मला काही वाटत नव्हतं. तुझ्या मुलीचा रिपोर्ट आल्यापासून परवापर्यंत हे असं होतं. मी जेवत होते, पेशंट बघत होते, हसायच्या जागी हसत होते. दातांच्या डॉक्टरने इंजेक्शन दिल्यावर आपलाच गाल आपल्याला लागत नाही ना, तसं. हात लावला तर तिथे आहे, पण कुणा दुसऱ्याचा आहे. नवऱ्याला विचारलं, हा तुझाच उद्योग का? तो म्हणाला, माझी भूल उतरते.

तुला प्रत्येक गोष्टीचं यंत्र उघडून बघायची सवय, म्हणून आमचं काम कसं चालतं ते सांगते. त्याशिवाय पुढचं कळणार नाही. आमच्या विभागात जन्मलेलं प्रत्येक बाळ नखशिखांत बघतात. बहुतेक बाळं नुसती बाळं असतात. लालबुंद, वैतागलेली, कुणी हा दिवा डोळ्यांवर धरलाय म्हणून भांडायला उठलेली. पण मधूनच एखादं असं येतं की बघणाऱ्याला काहीतरी खटकतं. काय ते नीट सांगता येत नाही. मग मला बोलावतात. एक चेहरा बघायला येता का, एवढंच म्हणतात. मी जाते, टेप काढते. दोन डोळ्यांमधलं अंतर मोजते. डोळ्याच्या कोपऱ्यापासून मागे सरळ रेघ ओढली तर कान तिच्यावर येतो की खाली राहतो ते बघते. तळहात उघडते, मानेची त्वचा चिमटीत धरते, पाठ बघते, बोटं मोजते. एकेकट्या खुणेला काही अर्थ नसतो. कान खाली असणं हा काही आजार नव्हे. अर्ध्या जगाचे कान कुठे ना कुठे चुकलेले असतात. पण चार-पाच खुणा एकाच बाळात एकत्र आल्या तर त्यांच्यामागे एकच कारण असू शकतं. ही कारणं दुर्मिळ असतात, एकेक काही हजारांत किंवा लाखात एकाला होणारी, आणि प्रकार इतके की सगळे पाठ असलेला माणूस मी अजून पाहिलेला नाही. कारण ओळखता आलं की आत काय शोधायचं ते कळतं. मूत्रपिंड बघायचं, की ऐकू येतंय का ते बघायचं, की हृदय. लोकांना वाटतं आम्ही बाळाला नावं ठेवतो. आम्ही चेहरा बघतो तो आत काय असेल त्यासाठी.

यात एक पद्धत आहे, आणि ती मीच सगळ्यांना शिकवते. बाळाचा चेहरा वेगळा वाटला की आधी आईबापाकडे बघायचं. नाक बसकं वाटलं तर बापाचं नाक बघा, कपाळ मोठं वाटलं तर आईचं कपाळ बघा. बऱ्याचदा प्रश्न तिथेच मिटतो, आणि उगाच घाबरवलं म्हणून आपणच ओशाळतो. पण मी सांगते की आईबापाकडे दोनदा बघायचं. पहिल्यांदा नातेवाईक म्हणून, म्हणजे बाळ यांच्यासारखं दिसतं का. दिसत असेल तर दुसऱ्यांदा पेशंट म्हणून, म्हणजे जे बाळाला असेल ते यांनाही नाही ना. कारण काही सिंड्रोम, म्हणजे एकाच कारणातून येणाऱ्या अशा खुणा, इतके सौम्य असतात की माणूस त्यांच्यासकट मोठा होतो, शाळा शिकतो, नोकरीला लागतो, लग्न करतो, आणि कुणाला पत्ता लागत नाही. तो लागतो त्याच्या बाळामुळे. शिकणारी मुलं पहिलं बघणं लक्षात ठेवतात आणि दुसरं विसरतात. तोंडी परीक्षेत मी हटकून हा प्रश्न विचारते. चुकलं की माझा चेहरा कसा होतो याची नक्कल आमच्या विभागात फार लोकप्रिय आहे.

तुझ्या मुलीसाठी माझ्या ज्युनिअरने बोलावलं. तू तिला पाहिलंस, चष्मेवाली, कमी बोलणारी. मी हात धुतले, गाऊन बांधला आणि बाळाच्या पेटीपाशी गेले. पेटीला आईचं नाव लावलेलं असतं, बापाचं नसतं, त्यामुळे मला काहीच कल्पना नव्हती. बाळ झोपलं होतं. डोळे मिटलेले असले तरी पापण्या कशा आहेत ते कळतं. जड होत्या, बाहेरच्या बाजूला उतरत्या. कान खाली आणि जरा मागे कललेले, वरची कड जाड. मानेला त्वचेची जादा घडी. पावलं फुगलेली. ज्युनिअर एकेक सांगत होती आणि मी ऐकत नव्हते. मला त्या बाळाचा चेहरा ओळखीचा वाटत होता. अशी ओळख पटली की आमच्या कामात आनंद होतो, कारण पुस्तकातलं पान डोळ्यांसमोर येतं. माझ्यासमोर पान आलं नाही. मला बरं वाटलं, एवढंच. घरी आल्यासारखं वाटलं. मी वर बघितलं तर काचेच्या पलीकडे तू उभा होतास.

तू आत आलास आणि म्हणालास, "नमस्कार मॅडम, काही काळजीचं आहे का?" तुझ्या शेजारी चाकांच्या खुर्चीत तुझी बायको होती, मागे तुझी आई. तू मला मॅडम म्हणालास ते बरोबरच होतं. मीही तुम्ही म्हणाले. तुम्ही बसा, तुम्ही घाबरू नका. तुझ्या आईने मला ओळखलं नाही, किंवा ओळखून सोडून दिलं. त्या बाळाकडे बघून म्हणाल्या, हाही अस्साच होता जन्मला तेव्हा, पावलंसुद्धा अशीच टम्म. पुढे आपोआप उतरली. मी मान हलवली. मला हवं होतं ते उत्तर मिळालं होतं. तुम्ही सगळे बाहेर गेल्यावर मी ज्युनिअरला सांगितलं, "चेहरा बापावर गेलाय. यात काही नाही." ती मानेच्या घडीबद्दल काहीतरी पुटपुटली. मी म्हटलं, बापाचीही मान आखूडच आहे, बघितली नाहीस का? तिने वही मिटली. माझ्याशी वाद घालत नाहीत कुणी.

आता तुझ्या चेहऱ्याबद्दल. तुला आठवतं का, आपण भेटलो तेव्हा मी लिफ्टमध्ये अडकले होते, हॉस्टेलच्या दोन मजल्यांच्या मधे, हातात जड पिशवी. तू वरच्या मजल्यावरून दार उघडलंस, आडवा झालास आणि म्हणालास, आधी सामान द्या, मग तुम्ही. मी पिशवी दिली. तू आत बघितलंस तर मांडीचं हाड, कवटी, फासळ्या. शिकायला मिळतात तो संच. तू इतका शांतपणे ते दार परत लावायला लागलास की मला ओरडून सांगावं लागलं की मी डॉक्टरकी शिकते. नंतर तू म्हणायचास की मला फसवून बाहेर काढून घेतलं हिने. लिफ्टच्या छतावर आणि खालच्या खड्ड्यात तूच शिरायचास, कारण तुमच्या लिफ्ट दुरुस्तीच्या कंपनीत तुझ्याएवढा बुटका दुसरा कुणी नव्हता. सगळे ठेंगू म्हणायचे आणि तू ओ द्यायचास. मी झोपाळू म्हणायला लागले, कारण तुझ्या पापण्या कधी पूर्ण उघडायच्याच नाहीत. भर दुपारी चहा पितानासुद्धा तू आत्ताच उठल्यासारखा दिसायचास. मी बोलत असताना तू हनुवटी जरा वर करून माझ्याकडे बघायचास. मला वाटायचं, याला किती कौतुक माझं. ते कौतुक होतंच, पण पापण्या खाली असलेली माणसं नीट दिसावं म्हणून तसं बघतात.

सगळंच असं आहे बघ. तुझ्या छातीच्या मधोमध खळगा होता, त्यात मी अभ्यास करताना खोडरबर ठेवायचे आणि तू श्वास रोखून धरायचास. शिंपी शर्टाची कॉलर बसवताना दर वेळी कुरकुरायचा. तुला नुसतं धरलं तरी वळ उठायचे. एकदा रस्ता ओलांडताना मी तुझं मनगट ओढलं, तर दुसऱ्या दिवशी माझी चारही बोटं निळी उमटलेली, आणि तू ती कामावर सगळ्यांना दाखवून आलास. मला तुझं सगळं आवडायचं. मी हे आता लिहितेय तेही यादी लिहिल्यासारखं लिहितेय, ते मला कळतंय. माझ्याकडे दुसरं काही उरलेलं नाही. परवापर्यंत तर रडूसुद्धा येत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या फेरीत ज्युनिअरने बाळाच्या छातीला नळी लावली आणि बराच वेळ उचलली नाही. मग माझ्याकडे दिली. ठोक्यांच्या मधे एक खरखर होती, स्पष्ट. हृदयाची सोनोग्राफी केली. फुप्फुसाकडे जाणारी झडप जाड आणि अरुंद निघाली. मी पेटीपाशी स्टूल घेऊन बसले आणि ज्युनिअरला म्हटलं, काल तू सांगत होतीस ते परत लिहून घे, मी सांगते. डोळ्यांतलं अंतर जास्त. पापण्या उतरत्या. कान खाली, मागे कललेले. मान आखूड, त्वचा जादा. पुढे मी छाती म्हणाले. ज्युनिअर म्हणाली, मॅडम, छाती तर हिची सरळ आहे. तेव्हा मला कळलं की मी कुणाची यादी सांगत होते.

याला नूनन सिंड्रोम म्हणतात, हे तुला सांगून झालंय. त्याचं पान मी कधी वाचलं होतं तेही मला आठवलं. तुझ्या खोलीवर. तू जमिनीवर पालथा पडून माझं पुस्तक चाळत होतास. त्या पानावरच्या लोकांच्या डोळ्यांवर काळी पट्टी छापलेली होती. तू विचारलंस, यांचे डोळे का झाकलेत? मी सांगितलं, ओळखू येऊ नयेत म्हणून. तू म्हणालास, मग चांगलं काम केलंय. आणि पान उलटलंस. आपण दोघंही त्या पानाकडे बघत होतो, तू आणि मी. काळी पट्टी नसती तर कळलं असतं का? मला वाटतं तरीही नसतं कळलं. मुळात मला तुझ्यात काही शोधायचं नव्हतं. तू मला सापडलेला होतास.

तुम्हाला तिघांना मी त्या छोट्या खोलीत बसवून समजावलं, तेव्हा मी नेहमीपेक्षा चांगलं बोलले. ज्युनिअर नंतर तसं म्हणाली. एका जनुकात बदल असतो, तो बाळात नव्याने झालेला असू शकतो किंवा आईबापांपैकी एकाकडून आलेला. कुणाच्या खाण्यापिण्याने, वागण्याने होत नाही. डोकं बहुतेकांचं छान चालतं, उंची जरा कमी राहते, हृदयावर आयुष्यभर नजर ठेवावी लागते. तुझी बायको एकेक शब्द ऐकत होती. तू टेबलाच्या कडेचा पत्रा नखाने उचकटत होतास. मग तू विचारलंस, "म्हणजे माझ्यामुळे?" मी म्हटलं, रक्त तपासल्याशिवाय सांगता येणार नाही. ते उत्तर नियमाप्रमाणे होतं. मला उत्तर माहीत होतं, तुलाही माहीत होतं, तुझी आई तर केव्हाच भिंतीकडे बघायला लागली होती. रिपोर्ट यायचा तो आला. मुलीत आहे, तुझ्यात आहे, तुझ्या बायकोत नाही.

त्यानंतर मी तुला तुझ्या हृदयाबद्दल सांगितलं, आणि तिथे तू उठलास. परत सांगते, कारण उठलेल्या माणसाला ऐकू जात नाही. या सिंड्रोममध्ये काही जणांची झडप अरुंद असते, तुझ्या मुलीसारखी. ती ऐकू येते, म्हणून सापडते. काही जणांच्या हृदयाची भिंत जाड होत जाते. ती कधी कधी अजिबात ऐकू येत नाही, दुखत नाही, माणूस ठणठणीत असतो. आणि मग एखाद्या दिवशी जोर लागला की ठोका चुकतो तो चुकतोच. तू म्हणालास, मला काय धाड भरलीये, मी रोज बारा-बारा मजले पायी चढतो, बंद लिफ्ट दुरुस्त करायला लिफ्टने जाता येत नाही, मॅडम. ज्युनिअरला हसू आलं. तुझं बोलणं अजून तसंच आहे. पण तुझे वडील आठव. तूच मला सांगितलं होतंस, हॉस्टेलच्या जिन्यात बसून. तू शाळेत होतास. ते सामान घेऊन वर आले, शेवटच्या पायरीवर टेकले आणि उठलेच नाहीत. कुणी म्हणालं ऊन लागलं, कुणी म्हणालं विडी नडली. आज तुझं वय त्यांच्याहून जास्त आहे. त्यांचा फोटो तू मला दाखवला होतास. त्यांचेही डोळे अर्धवट मिटलेले होते आणि आपण म्हणालो होतो की नेमकी फोटो काढताना पापणी लवली. ती लवली नव्हती, झोपाळू.

भिंत जाड असेलच असं नाही. नसेलही, आणि मग तू मला जन्मभर चिडव. असली तर गोळ्या आहेत, गरज पडली तर एक छोटं यंत्र छातीत बसवतात, ठोका अडकला की धक्का देऊन परत चालू करतं. तुला ते आवडेल. कसं बसवतात ते डॉक्टरला विचारून विचारून तू त्याचा जीव खाशील. बारा मजले बंद होतील कदाचित, कंपनीत खाली बसून करायचं दुरुस्तीचं काम मिळेल. हे सगळं होऊ शकतं. मी तपासणार नाही. हृदयाचा डॉक्टर वेगळा आहे, म्हातारा, विनोदी, मला न विचारता त्याच्याकडे जा. मी त्या मजल्यावरसुद्धा येणार नाही, शब्द देते. फक्त जेल लावून अंधाऱ्या खोलीत पडून राहायचं आहे. तसं पडून राहण्यात तुझा हात कोण धरणार आहे?

इथपर्यंत वाचून तुला वाटेल की एवढ्यासाठीच लिहिलं. मलाही तसंच वाटत होतं, म्हणजे मी तसं ठरवलं होतं. पण मला लिहायला सांगितलं ते वेगळ्याच कारणासाठी. परवा तुझी बायको मुलीला घेऊन वजनाला आली होती. एकटीच आली. तपासून झालं, मुलीला तिने गुंडाळलं, आणि ज्युनिअर बाहेर जायची वाट बघत बसून राहिली. फार बोलत नाही ती, हे तुला माहीतच आहे. आधी म्हणाली, त्याने लग्नाच्या आधीच मला तुमच्याबद्दल सांगितलं होतं, तुम्ही ओशाळू नका. मग म्हणाली, रिपोर्ट आल्यापासून तो पोरीला उचलून घेत नाही. दुपटं बदलतो, बाटली धुतो, रात्री उठतो, सगळं करतो, पण तिच्या तोंडाकडे बघत नाही. आरशासमोर दाढी करायची सोडलीये. पोरीच्या फोटोशेजारी स्वतःचा फोटो लावू देत नाही. म्हणतो, बापाने मला दिलं, मी तिला दिलं, माझा चेहराच वाईट निघाला, आता आत काय आहे ते बघून करायचंय काय. मी म्हटलं, तुम्ही समजावा त्यांना. ती म्हणाली, रोज समजावते. तुझा चेहरा मला आवडतो, म्हणून तर तुला पसंत केलं, असं सांगते. तर म्हणतो, तू बायको आहेस, तुला म्हणावंच लागतं. मग तिने मुलीला माझ्याकडे दिलं, पिशवीतून पाकीट आणि कोरे कागद काढून टेबलावर ठेवले आणि म्हणाली, "तुम्हाला म्हणायची सक्ती नाही. तुम्ही लिहा. मी त्याच्या डब्याच्या पिशवीत ठेवीन." मुलगी माझ्या हातात होती. झोपली नव्हती. पापण्या जड, हनुवटी जरा वर, माझ्याकडे बघत होती. मी तिच्याकडे टेप न काढता बघितलं, आणि तेव्हा मला रडू आलं, तुझ्या बायकोसमोर, चांगलं बराच वेळ. तिने मला रुमाल दिला. तर मी सांगते, माझ्यावर कसलीही सक्ती नाही. तुझा चेहरा मला फार आवडायचा. तो दुसऱ्या कुणात सापडेल म्हणून मी कित्येक वर्षं रस्त्यात माणसं बघत होते, आणि तो आता एका मुलीला मिळाला आहे. आज घरी गेलास की तिला उचल आणि तिच्याकडे बघ. आणि मग तुझ्या बायकोबरोबर ये, हृदय दाखवायला.

एके काळी तुझीच.